समाजाधारित शिक्षण, म्हणजे मुलांनी स्थानिक संस्थांसोबत प्रत्यक्ष काम करत विषय शिकणं, वर्गात आणायचं असेल तर विद्यापीठाने प्राध्यापकांना नेमकी काय मदत करावी?

सगळ्यात आधी वेळ द्या. एक दिवसाचं वर्कशॉप घेतलं की झालं असं बऱ्याच ठिकाणी समजतात, पण खरं काम सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीचं असतं, म्हणजे स्थानिक संस्थेच्या लोकांना भेटायचं, त्यांना काय हवंय ते नीट ऐकायचं आणि मग ते सिलॅबसमध्ये बसवायचं, हे लेक्चर आणि पेपर तपासणी सांभाळून एकट्याने होत नाही हो. फोन, परवानग्या, जाण्यायेण्याची सोय बघायला एक कायमचा कोऑर्डिनेटर हवाच.

दुसरं म्हणजे रिफ्लेक्शन, म्हणजे केलेल्या कामाकडे मुलांना मागे वळून बघायला आणि त्यावर विचार करायला लावणं. आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या मुलांनी सर्व्हे केला, रिपोर्टही छान झाला, पण "लोकांनी उत्पन्नाचा प्रश्न का टाळला?" म्हटल्यावर अख्खा वर्ग गप्प, आणि त्यानंतर जी चर्चा रंगली ती कुठल्याच लेक्चरमध्ये झाली नसती. असे प्रश्न कसे काढायचे, त्याला मार्क कसे द्यायचे, हे अनुभवी सहकाऱ्यांसोबत बसूनच जमतं.

आणि बढतीत हे काम धरा! अमेरिकेत समाजासोबत काम करणाऱ्या विद्यापीठांना मान्यता देणारं कार्नेगीचं कम्युनिटी एंगेजमेंट वर्गीकरण २००६ पासून आहे, त्यातही विद्यापीठांना बढतीच्या नियमांबद्दल विचारतात.