अर्ध्या वाक्याचं दुखणं

"आईला डिप्रेशन आलंय बहुतेक," मुलगी खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. आई सिंहगड रोडला राहणाऱ्या, वय 54. घरून डबे देतात, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. (ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत. लिहायला त्यांची हरकत नाही, हे विचारून घेतलं आहे.) भजनी मंडळ सोडलं, बहिणीकडे नाशिकला जायचं टाळलं, पुतणीच्या लग्नातून पंगत बसायच्या आत रिक्षा करून घरी आल्या. पाळी गेल्याचा परिणाम, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं ते जुळवायला बायका माझ्याकडे येतात. मुलीला बाहेर बसवलं. झोप लागते का, रडू येतं का, सगळ्याला एकच उत्तर, "तसं काही नाही." मग मी विचारलं, "काकू, भजनाला शेवटच्या गेलात त्या दिवशी काय झालं?"

पदराचं टोक दुमडणं, उलगडणं बराच वेळ चाललं. "गौळण म्हणताना ठसका लागला. सतरंजी ओली झाली."

तीन वर्षांपासून शिंकलं, खोकलं, पिठाचा डबा उचलला की लघवी सुटायची. हल्ली तर लघवी लागली की संडासापर्यंत दम निघायचा नाही. म्हणून पाणी दोन ग्लासांवर आणलेलं. त्याने उलट लघवी गडद होते आणि मूत्राशय अजून चिडतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? विचारलंच कुठे होतं?

म्हणजे विचारलं होतं, पण अर्धं. फॅमिली डॉक्टरांना त्या म्हणाल्या, "लघवीचा जरा त्रास आहे." डॉक्टरांनी विचारलं, "जळजळ?" या "हो" म्हणून मोकळ्या झाल्या. तीनदा अँटिबायोटिक झालं. शेजारणीला म्हणाल्या, "पिशवीचं दुखणं आहे." ती म्हणाली, "काढून टाक, माझी काढली, सुटले मी." आपल्याकडे गर्भाशयही पिशवी आणि मूत्राशयही पिशवी! या एका शब्दाने किती घोळ होतो, ते मी या खुर्चीत बसून पुष्कळदा ऐकलं आहे. गर्भपिशवी काढणं हा लघवी सुटण्यावरचा इलाज नाही.

तिसरं दार मुलीने मोबाईलवर शोधलेलं. खरं कारण आईने तिला सांगितलं नव्हतं, 'बायकांचा त्रास' एवढंच. शहरातलं एक चकचकीत क्लिनिक, विनाटाके लेझर, तीन बैठकांचं पॅकेज, आठवड्यात नाव नोंदवलं तर सूट. तिथे काकूंना ना कुणी तपासलं, ना लघवीची तपासणी सांगितली. फॉर्म मात्र भरून घेतला. पैसे भरायचे राहिले होते, एवढंच नशीब. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, जुलै 2018 मध्येच इशारा दिला होता, की लघवी सुटण्यावर इलाज म्हणून अशा लेझर उपकरणांना मंजुरी दिलेली नाही, आणि भाजणं, व्रण पडणं, कायमचं दुखणं अशा तक्रारी आल्या आहेत.

"मॅडम, मग ऑपरेशनच करावं लागेल का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारते. त्याचं उत्तर देणं माझं काम नाही, मी डॉक्टर नाही. माझं काम वाक्य पुरं करून घ्यायचं. त्या दिवशी आम्ही तेच केलं. "खोकले, शिंकले, वजन उचललं की लघवी सुटते. तीन वर्षं झाली. दिवसाला तीन पॅड लागतात. घाई झाली की धरवत नाही." पहिल्यांदा म्हणताना त्या 'लघवी' शब्दापाशी अडल्या. पाचव्यांदा नाही. रक्त जातं का, सतत ठिबकतं का, खाली काही आल्यासारखं वाटतं का, पाय बधिर होतात का, हेही विचारलं. यातलं काही असतं तर वाक्य घोकत बसलो नसतो, लगेच पाठवलं असतं.

कुणाकडे? यूरोगायनॅकॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्राशय आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू यांचं जादा शिक्षण घेतलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. ते परवडत नसेल तर पुण्यातल्या सरकारी ससून रुग्णालयाच्या स्त्रीरोग ओपीडीतही हेच वाक्य चालतं. तपासताना खोलीत दुसरी बाई हवी, हे मागता येतं. नको वाटलं तर थांबवता येतं.

डॉक्टरबाईंनी आधी लघवी आणि साखर तपासली, लघवी करून आल्यावर किती उरते ते सोनोग्राफीत पाहिलं, टेबलावर झोपवून खोकायला लावलं. मग घरी तीन दिवसांची नोंद: किती प्यायलं, किती वाजता किती झाली, कधी सुटली. मोजायला नवं माप आणलं. "आमटीचं नाही हो वापरलं," काकूंनी मला आवर्जून सांगितलं. नोंदीतून आणखी एक निघालं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि त्या ती दुपारी, डबे पोचवायला निघताना घेत. बीपीच्या डॉक्टरांनी वेळ बदलून दिली. आपल्या मनाने बंद केली असती तर पंचाईत.

खरा इलाज मात्र फिजिओथेरपिस्टकडे झाला. डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये मांडलेला, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचा व्यायाम सगळ्यांना 'माहीत' असतो आणि पुष्कळ जणी चुकीचा करतात. काकू श्वास रोखून पोट आवळत होत्या, खाली जोर देत होत्या, म्हणजे नेमकं उलट. चारचौघांत गॅस अडवताना आवळतो तेच स्नायू, पण मांड्या-पोट सैल आणि श्वास चालू. एका वेळी किमान आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. लघवी मध्येच अडवून सराव करायचा नाही. घाईसाठी वेगळा सराव: लागली की लगेच न धावता थोडं थांबायचं, आणि दोन खेपांमधलं अंतर हळूहळू वाढवायचं. त्याला निदान दीड महिना द्यावा लागतो. चहा पाच कपांवरून दोनवर आला. हे सगळ्यात जड गेलं.

पहिल्या महिन्यात फरक शून्य. "मॅडम, ते लेझरच करू का?" असा फोन आला. मी नाही म्हटलं नाही. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तेवढे लिहून दिले. यातून काय बिघडू शकतं? असं किती जणींचं केलंत? बिघडलं तर निस्तरणार कोण? ऑपरेशनचं निघालं तर मूत्रमार्गाला आधार म्हणून प्लास्टिकची जाळी घालणार की माझ्याच शरीरातला पडदा, म्हणजे स्नायूंवरचं चिवट आवरण? जाळी नंतर पूर्ण निघते का? इंग्लंडमध्ये बायकांनी जाळीच्या दुखण्याविरुद्ध आवाज उठवल्यावर जुलै 2018 मध्ये या कामासाठी तिचा वापर थांबवावा लागला. अनेक ठिकाणी ती आजही वापरतात, आणि कित्येकींना गुण येतो. म्हणून तर विचारायचं.

चौथ्या महिन्यात तीन पॅडांचं एकावर आलं. जोराचा ठसका लागला तर अजून सुटते. डॉक्टरबाईंनी ऑपरेशनचे पर्याय समजावले, घाई नाही म्हणाल्या. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली आहे. "आधी चकल्या होऊ देत," असं काकूंनीच त्यांना सांगितलं म्हणे.