सोसायटीतल्या लोकांना जवळच्या दुकानांतून खरेदी करायला कसं वळवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: १८० फ्लॅटची सोसायटी, गेटबाहेरच्या रस्त्यावर किराणा, गिरणी, भांड्यांचं दुकान, शिंपी असं सगळं आहे, पण सगळा माल ॲपवरून येतो. 'स्थानिक दुकानदारांना साथ द्या' असा फलक लावला, तरी फरक पडला नाही.

फलकाने पडणारही नव्हता. लोक दुकानात जात नाहीत त्याची कारणं साधी असतात: हवी ती वस्तू मिळेल की नाही ते ठाऊक नसतं, भाव कळत नाही, खराब निघालं तर बदलून घेताना वाद होतो, आणि संध्याकाळी पिशव्या उचलायचा कंटाळा येतो. ही चार कारणं दूर केलीत तर आवाहनाची गरज उरत नाही.

सुरुवात महिन्याच्या वाणसामानापासून करा. रात्री अकराला लागणारं दुधाचं पाकीट किंवा डायपर ॲपवरच जाणार, तिथे भांडू नका. महिन्याची यादी मात्र ठरलेली असते आणि तिला घाई नसते. हिशेब करून बघा: ४० घरांनी महिन्याला प्रत्येकी ३,००० रुपयांचं सामान खालच्या दुकानातून घेतलं, तर १,२०,००० रुपयांची ठरलेली विक्री झाली. हा आकडा घेऊन दुकानदाराशी बोललात की तो नीट ऐकतो.

बोलताना सरसकट दहा टक्के सूट मागू नका. ब्रँडेड साबण-बिस्किटांवर त्याला साधारण आठ-दहा टक्केच सुटतात; तेच मागितलेत तर तो दोन महिन्यांत सुट्या मालाची प्रत उतरवेल किंवा योजनाच सोडेल. त्यापेक्षा तीन गोष्टी मागा: घरपोच, बदलून द्यायचा लेखी नियम, आणि 'नाही'ची वही.

ही वही फार कामाची आहे. गिऱ्हाइकाने मागितली आणि दुकानात नव्हती अशी प्रत्येक वस्तू गल्ल्याशेजारच्या वहीत लिहायची. पंधरा दिवसांनी चाळायची आणि तीन किंवा अधिक वेळा आलेल्या वस्तू मागवायच्या. शिळी होणारी वस्तू असेल तर आधी चार-सहा पाकिटंच. दुकानदार सहसा 'आमच्याकडे सगळं मिळतं' म्हणतो. खरं काय ते वही दाखवते.

यादी २८ तारखेपर्यंत घ्या आणि माल १ ते ३ तारखेच्या दरम्यान, संध्याकाळी ७ ते ९ मध्ये पोचवा. दुपारी पोचवलेला माल कुलूपबंद दारासमोर पडून राहतो, मग रखवालदाराची कटकट आणि पहिल्याच महिन्यात योजनेची बदनामी. एका घराला एक कॅरेट, वर बिलाची चिठ्ठी. सुटं धान्य, डाळ, रवा वेगळ्या पिशव्यांत, प्रत्येकीवर वजन लिहिलेलं. काट्यावर वजनमाप विभागाचा या वर्षीचा पडताळणीचा शिक्का आहे ना, तेही बघून घ्या. शंका एका घराला आली तरी पूर्ण विंगमध्ये पसरते.

बदलून देण्याचा नियम दोन ओळींचा पुरे: चिठ्ठी दाखवली तर सात दिवसांत बदली किंवा पैसे परत, रव्यात पोरकिडे निघाले तरी. महिन्याला दोन-चारशे रुपयांचं नुकसान होईल, पण ॲपवर फोटो टाकला की पैसे मिळतात ही सवय लागलेलं गिऱ्हाईक याशिवाय परतत नाही.

भावांची तुलना कराच, पण प्रामाणिकपणे. २० नेहमीच्या वस्तू निवडा आणि घरपोच पडणारी एकूण रक्कम मांडा, ॲपचे डिलिव्हरी व हाताळणी शुल्क धरून. पाकिटांची वजनं सारखी आहेत का ते बघा. तेलाची पिशवी कुठे एक लिटरची, कुठे ८५० ग्रॅमची असते (एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम). आता पाकिटावर प्रति ग्रॅम किंवा मिली दर छापलेला असतो, तोच ताडून बघा. ज्या सात-आठ वस्तू ॲपवर स्वस्त निघतील, त्या तशाच दाखवा. लपवलंत तर बाकीच्या बारा-तेरा वस्तूंवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. चार दिवसांत शुभ सकाळ आणि उघड घासाघीस सुरू होते. दुकानदाराने व्हॉट्सॲप बिझनेस घ्यावं, मालाची यादी कॅटलॉगमध्ये चढवावी आणि ब्रॉडकास्ट (एकच संदेश यादीतल्या प्रत्येकाला स्वतंत्र पाठवायची सोय) वापरावा. एका यादीत २५६ जण बसतात, म्हणजे तुम्हाला एक पुरते. मात्र ज्यांनी त्याचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. 'पाठवलं पण कुणी बघतच नाही' या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. म्हणून आधी लिफ्टमध्ये क्यूआर कोड लावून नंबर सेव्ह करून घ्या.

उधारीबद्दल कुणी उघड बोलत नाही, पण गिऱ्हाईक तुटतं ते इथेच. बाकी थकली की माणूस दुकानासमोरून जाणं टाळतो आणि मग ॲपच बरं वाटतं. म्हणून मर्यादा आधीच ठरवा, समजा २,००० रुपये, आणि दर महिन्याच्या ५ तारखेला हिशेब पूर्ण. बँक खात्यातून यूपीआयने पैसे घेताना दुकानदाराला शुल्क पडत नाही, तेव्हा रोखीचा आग्रह नको.

किराण्यापलीकडे काय आहे, त्याचं एक पानी पत्रक करून प्रत्येक घरी द्या: गिरणी, शिंपी, चप्पल शिवणारा, शेगडी दुरुस्ती, हार्डवेअर. कुणाकडे काय होतं, किती ते किती, कुठल्या वारी बंद. कुकरची रिंग हे चांगलं उदाहरण. नुसतं 'पाच लिटर' बघून मागवली तर आतल्या झाकणाच्या कुकरला बाहेरच्या झाकणाची रिंग येते. भांडीवाला झाकण बघून बसवूनच देतो. चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ जाडसर-बारीक हवं तसं दळून मिळणं हेही त्यातलंच. त्यामुळे योजना दिवाळीच्या महिनाभर आधी सुरू केलीत तर उत्तम, फराळाच्या यादीने लोक आपसूक येतात.

बचत गटांचे स्टॉल लावायचे तर महिन्याचा पहिला किंवा दुसरा रविवार. शेवटच्या आठवड्यात लोक बघतात, घेत नाहीत. पाकीटबंद खाद्यपदार्थांवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असल्याची आधीच खात्री करा.

दोन चुका नेहमी होतात. पहिली लकी ड्रॉ: विक्री वाढवण्यासाठी सोडत काढणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेत येतं. दुसरी, पैसे आगाऊ घेऊन पाच दुकानांत चालणारं एकच कुपन काढणं. ते रिझर्व्ह बँकेच्या प्रीपेड साधनांच्या नियमांत येतं आणि परवानगी लागते. एका दुकानाने फक्त स्वतःकडच्या खरेदीसाठी कुपन दिलं तर लागत नाही. आणि हो, डिलिव्हरीच्या मुलांना गेटवर अडवायचा ठराव कुणीतरी हमखास मांडेल. तो होऊ देऊ नका. चिडलेली घरं दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतील.

पहिल्या महिन्यात २० घरं आली तरी पुष्कळ. विक्रीची रक्कम मोजू नका, दुसऱ्या महिन्यात यादी पुन्हा किती जणांनी दिली ते मोजा. वीसपैकी पंधरा परतली तर दुसऱ्या विंगमध्ये जा. आठच परतली तर उरलेल्या बारांना फोन करून एकच विचारा: काय मिळालं नाही?