डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी प्रोग्रॅमेबल एलईडीचं शिल्प करायचं आहे. सामान काय घ्यावं आणि अडचण कुठे येते?

आम्ही चौघांनी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पुण्यात असंच एक प्रकरण केलं होतं, म्हणून सांगतो. सामान तिथल्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका दुपारी मिळेल. त्याआधी हे शिल्प नक्की काय करणार, ते ठरवा. इंद्रधनुष्य फिरवणारी पट्टी आता प्रत्येक लग्नाच्या मांडवात असते, ती व्हायव्हाला दाखवून कुणी भुलत नाही.

आम्ही काजव्यांचं झाड केलं. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे गेला असाल तर पाहिलं असेल, हिरडा-सादड्याची अख्खी झाडं एका लयीत उजळतात आणि विझतात. गंमत म्हणजे त्यांना इशारा देणारा कुणी म्होरक्या नसतो. तेच आम्हाला कोडमध्ये आणायचं होतं. प्रत्येक एलईडीला स्वतःचा एक आकडा दिला, सुरुवातीला कुठलाही. तो वाढत वाढत ठरावीक हद्दीला पोचला की एलईडी चमकतो आणि आकडा शून्यावर येतो. एक चमकला की बाकीच्यांनी आपापला आकडा थोडा पुढे ढकलायचा, पण सगळ्यांनी सारखा नाही. ज्याचा आकडा जितका मोठा, त्याच्या काही टक्के. हद्द ओलांडली तर त्यानेही लगेच चमकून घ्यायचं. बस, एवढंच. मिरोलो आणि स्ट्रोगॅट्झ या दोघा गणितज्ञांनी १९९० साली दाखवून दिलं की अशा रचनेत सगळे सारखे असतील आणि प्रत्येकाला प्रत्येक जण ‘दिसत’ असेल, तर ते जवळजवळ नेहमीच एका तालात येतात. फक्त शेजारच्यांपुरतं ठेवलंत तर बऱ्याचदा झाडावरून लाटा फिरतात. मला खरं तर त्याच जास्त आवडल्या होत्या, पण तिघे विरुद्ध एक.

सामान: डब्ल्यूएस २८११ चिपवाले (प्रत्येकाचा रंग कोडमधून वेगळा ठरवता येतो), ५ व्होल्टवर चालणारे सुटे एलईडी. ५० मण्यांची माळ येते, तशा तीन घेतल्या. झाडासाठी पट्टीपेक्षा माळ बरी, फांदीला हवी तशी वळते. जीआय तारेचा सांगाडा केला, त्यावर कागदाचा लगदा चढवला आणि प्रत्येक मण्यावर बटर पेपरचा तुकडा लावला, नाहीतर उजेड डोळ्यांत टोचतो. कोड चालवणारा बोर्ड साधा आर्डुइनो उनो. त्याची रॅम २ केबी, एका एलईडीच्या रंगाला ३ बाइट, म्हणजे १५० चे ४५० बाइट, आरामात बसतात. मोबाइलवरून चालवायचं नसेल तर ईएसपी ३२ या वाय-फायवाल्या बोर्डच्या मागे लागू नका. त्याचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या चिपला तो कधी कळतो, कधी नाही. मग मध्ये सिग्नल ५ व्होल्टवर नेणारी ७४एचसीटी१२५ ही चिप टाकत बसा.

आता आमची फजिती. दोन-चार मिनिटांत काजवे छान जुळत यायचे आणि अगदी सगळे एकत्र चमकणार, तेवढ्यात झाड विझायचं. मग पुन्हा पहिल्यापासून, विस्कळीत लुकलुक. दोन दिवस आम्ही कोड उसवत बसलो. लूप तपासले, व्हेरिएबल ओव्हरफ्लो होतंय का ते पाहिलं, एकमेकांवर खेकसलो. शेवटी माझं लक्ष उनोवरच्या छोट्या दिव्याकडे गेलं. झाड विझताना तोही विझत होता!

बोर्ड रीसेट होत होता. झाडाला आणि उनोला वीज देत होतो ती एकाच २ अँपिअरच्या मोबाइल चार्जरवरून. काजवे आपापल्या वेळेला चमकत होते तोवर एका वेळी दहा-बारा पेटायचे, चार्जरला ते झेपायचं. जुळले की १५० एकदम. पिवळसर हिरव्या रंगाला प्रत्येकी साधारण २८ मिलिअँपिअर धरा, म्हणजे ४ अँपिअरच्या वर. म्हणजे कोड बरोबर होता म्हणूनच झाड विझत होतं.

तेव्हा हिशोब पूर्ण पांढऱ्या उजेडाचा करा. एका मण्याला जास्तीत जास्त ६० मिलिअँपिअर, १५० चे ९ अँपिअर. ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे ५ व्होल्ट करून देणारा पॉवर सप्लाय) घ्या, आउटपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. हा करंट ब्रेडबोर्डमधून नेऊ नका, प्लास्टिक वितळतं. २३० व्होल्टची बाजू डब्यात बंद करा आणि अर्थिंग जोडा, डेमोला लोक हात लावून बघतातच.

एसएमपीएस आला तरी वरच्या फांद्यांतले काजवे हिरव्याऐवजी केशरी दिसायला लागले. बारीक वायरमधून टोकापर्यंत व्होल्टेज पडतं. हिरव्याला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल २ वरही भागवतो, त्यामुळे हिरवा आधी मान टाकतो. माळेच्या दोन्ही टोकांना लाल-काळ्या जादा वायरी असतात, त्या यासाठीच. प्रत्येक माळेला एसएमपीएसपासून जाड वायरने वेगळं फीडिंग द्या. आणि उनोला यूएसबीवर चालवत असाल तर त्याचा ग्राउंड एसएमपीएसच्या ग्राउंडला जोडायला विसरू नका. आम्ही एकदा विसरलो, तर डेटाच्या वायरला बोट लावलं की झाड शांत, काढलं की पिसाळल्यासारखं.

खर्च ४५०० च्या आत झाला होता, त्यात पाच-सहा जादा मणी धरा. डेटा एका मण्यातून पुढच्यात जातो, त्यामुळे एक गेला की पुढचे सगळे अंधारात. आमचा ३७ वा सबमिशनच्या दिवशी सकाळी गेला. जिन्यात बसून, एकाने मोबाइलचा टॉर्च धरला आणि मी नवा सोल्डर केला.