गोळ्या थांबवू का? आणि ‘ती’ तपासणी कशासाठी?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझे मिस्टर ५२ वर्षांचे आहेत. बार्शीजवळ आमची द्राक्षबाग आहे. दिवाळीनंतर त्यांच्या कपाळावर नागीण उठली. सासूबाईंनी गेरू लावला, पंधरा दिवसांत खपल्या पडल्या. महिन्याभराने उजवा डोळा लाल झाला. मेडिकलमधून थेंब आणून पाच दिवस घातले. मग त्या डोळ्याने एका बाजूचं दिसेना. सोलापूरला ‘पडद्याला विषाणूचा संसर्ग’ सांगून ॲडमिट केलं, सलाइनमधून औषध आणि डोळ्यातच दोन इंजेक्शनं दिली. आता तीन आठवडे गोळ्या चालू आहेत. लाली गेली, पण नजर पहिल्यासारखी नाही. गोळ्या महाग आहेत, थांबवल्या तर चालेल का? तिथे एचआयव्हीची तपासणीही सांगितली होती, आम्ही केली नाही. माझ्या माणसावर असा संशय का? सून सात महिन्यांची गरोदर आहे, तिला काही धोका? (नाव छापू नये.)

उत्तर : ताई, गोळ्या थांबवू नका. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी.

नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी तो शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतो. वय, आजारपण, कमी झालेली प्रतिकारशक्ती, असं काहीतरी निमित्त होतं आणि तो उठतो. बहुतेकांना कातडीवरच त्रास होतो. फार थोड्यांच्या बाबतीत तो डोळ्याच्या आतल्या, मागच्या बाजूच्या पडद्यापर्यंत (रेटिना) जातो. ओठांवर बारीक फोड उठतात (त्याला ‘जर’ म्हणतात), त्या हर्पिसच्या विषाणूमुळेही हेच होऊ शकतं.

पडदा सडायला लागतो तो कडेकडेने. पांढरट डाग पडतात, ते एकमेकांना मिळतात आणि गोल फिरत मध्याकडे सरकतात. मधली नजर शाबूत असते तोवर माणूस तक्त्यावरची शेवटची ओळही वाचून दाखवतो. म्हणून लाल डोळा आणि धुरकट नजर असेल तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघावाच लागतो. ‘डोळे आलेत’ म्हणून आठवडाभर थेंब घालून आलेले पेशंट मला दर पावसाळ्यात भेटतात. त्यातले खरंच डोळे आलेले जास्त असतात हे खरं, पण एखादा तुमच्या मिस्टरांसारखा निघतो. आणि थेंबांत नुसतं स्टेरॉइड असेल तर लाली ओसरते, आत विषाणूचं काम चालूच राहतं. स्टेरॉइड आम्हीही देतो, पण विषाणूचं औषध सुरू झाल्यावर. तुमची थेंबांची बाटली अजून असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा.

सोलापूरच्या डॉक्टरांनी योग्यच केलं. शिरेतून असायक्लोव्हिर आणि डोळ्यात बहुधा गॅन्सायक्लोव्हिर किंवा फॉस्कार्नेट देतात. डोळ्याच्या आतलं पाणी सुईने काढून पीसीआर तपासणी (विषाणू नेमका कोणता ते ओळखणारी) करता येते, पण रिपोर्टची वाट बघत औषध थांबवायचं नसतं. ही औषधं विषाणूची वाढ रोखतात, मेलेला पडदा जिवंत करत नाहीत. त्यामुळे गेलेली बाजू परत येईल असं मी खोटं सांगणार नाही.

मग गोळ्या कशासाठी? दुसऱ्या डोळ्यासाठी. तो बिघडायचा तर बहुतेक वेळा पहिल्या सहा आठवड्यांत बिघडतो, आणि तुम्ही बरोबर मध्यावर आहात. साधारण सहा आठवडे ते तीन महिने गोळ्या द्याव्या लागतात. या गोळ्या (बहुधा वॅलासायक्लोव्हिर) परवडत नसतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा, लाजू नका. असायक्लोव्हिर स्वस्त पडतं, फक्त दिवसातून पाच वेळा घ्यावं लागतं. भरपूर पाणी प्यायला लावा आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं.

आता ‘त्या’ तपासणीचं. तुमचा राग समजतो. मीही ही तपासणी सांगते तेव्हा समोरच्या बाईचा चेहरा उतरतो आणि पुरुष दाराकडे बघतो. ताई, तो चारित्र्याचा दाखला नव्हे. एचआयव्ही असेल तर हाच विषाणू फार झपाट्याने आणि कधी कधी डोळा लालसुद्धा न करता पडदा खातो, मग औषधांचं गणितच बदलतं. सीएमव्ही नावाचा आणखी एक विषाणू पडद्याला लागतो, तो बहुधा रक्तातल्या सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) ५० च्या खाली गेल्यावर. म्हणून आम्ही शुगर आणि एचआयव्ही दोन्ही बघतो. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) तपासणी मोफत होते, रिपोर्ट गुप्त राहतो. आणि एचआयव्ही निघालाच, तर त्यावरची एआरटीची औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांवर फुकट मिळतात. करून टाका.

विषाणूने खाल्लेला पडदा कसर लागलेल्या लुगड्यासारखा विरतो, भोकं पडतात, आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी तो निसटतो. म्हणून रोज सकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं करून एकेक डोळा झाकून बघायला सांगा. डोळ्यापुढे तरंगणाऱ्या माशा अचानक वाढल्या, वीज चमकल्यासारखं झालं, कडेने काळी सावली सरकली, की त्याच दिवशी निघायचं, छाटणी चालू असली तरी.

सासूबाईंच्या गेरूत चार दिवस जातात. नागीण उठल्यावर पहिल्या ७२ तासांत गोळी सुरू व्हायला हवी. नागिणीच्या तोंडाला शेपूट मिळाली की माणूस जातो असं म्हणतात, तेही खरं नाही.

सुनेला डोळ्यामुळे काही होत नाही. नागिणीचे ओले फोड असताना, कांजिण्या न झालेल्या बाईला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. खपल्या पडून आता बरेच दिवस झाले, म्हणजे तो धोका संपला. तरी तिच्या आईला फोन करून विचारा, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.