प्रेमाने वागलं की माणसं डोक्यावर बसतात, मग टीम सांभाळायची कशी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे नऊ माणसं आहेत, प्रेमाने वागलं की डोक्यावर बसतात आणि कडक झालं की काम सोडून जातात. माझी जळगावला छोटी डाळ मिल आहे, हमाल धरून बावीस जण. दोन्ही तऱ्हा करून झाल्यात, म्हणून लिहितोय.

सुरुवातीला मी फार दयाळू मालक होतो, निदान माझ्या मते. मागेल त्याला उचल. लग्न, दवाखाना, पोराची फी, काहीही. व्याज नाही, फक्त वहीत नोंद. डाळ सोलायच्या रोलवर एक ऑपरेटर होता, पारोळ्याकडचा. त्याची उचल वाढत वाढत ४८ हजारांवर गेली. २०१८च्या तुरीच्या हंगामात अंगात ताप असताना तो रात्रपाळीला आला. पहाटे मशीनच्या पट्ट्यात हात गेला, दोन बोटं चेंगरली. दवाखान्यात मी त्याच्यावरच चिडलो, बरं नव्हतं तर सांगायचं ना! तो म्हणाला, "शेठ, तुमना पैसा मना डोकावर शे, नई कसं म्हनू?"

घरी येऊन वही काढली. बावीसपैकी चौदा जणांकडे माझी उचल होती. म्हणजे चौदा माणसं मला नाही म्हणूच शकत नव्हती, आणि मी चारचौघांत सांगत फिरायचो की आपल्याकडे माणसं टिकतात.

त्याहून लाजिरवाणी गोष्ट वेगळीच. ईएसआयचा, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, हप्ता वाचावा म्हणून मी माणसं कागदावर कमी दाखवायचो. तो कागदावर नव्हताच. असता तर उपचार ईएसआयमधून झाले असते आणि कामावरच्या इजेमुळे घरी बसला तेवढे दिवस पगाराच्या ९० टक्के मिळाले असते. साध्या आजारपणातही अटी पूर्ण असतील तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मिळतात. तापाने घरी झोपायची सोय सरकारने करून ठेवली होती, आड मी आलो होतो. जुलै २०१९पासून मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. दहा माणसं झाली की हे लागू होतं. तुमची नऊ आहेत, तेव्हा दहावा घेताना माझ्यासारखी हुशारी करू नका.

उचल मी बंद नाही केली. ती बंद केली की माणूस सावकाराकडे जातो. पण आता एका पगाराच्या वर नाही, सगळ्यांना सारखी, आणि महिन्याला किती कापायचे ते देतानाच ठरतं. माझ्या पुतण्यालाही तोच नियम. तो चार महिने नीट बोलत नव्हता.

सुट्ट्यांचंही तसंच. माझे वाळवणीवरचे पाच-सहा जण सातपुड्यातले पावरा आदिवासी. होळीच्या आधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतो, त्याला ते जाणारच. नेमका तेव्हा तुरीचा हंगाम जोरात. दरवर्षी मी शिव्या द्यायचो आणि दरवर्षी ते जायचे. आता त्या दिवसांत मिल चार दिवस बंद ठेवून रोलची एमरी (डाळ सोलणारा खरखरीत थर) भरून घेतो. श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या सोमवारी विसर्जनाची सुट्टी देतो. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ला जातो, तेव्हा अकरा ते चार अंगणात कोणी नाही, काम पहाटे आणि संध्याकाळी. माल थोडा उशिरा वाळतो, एवढंच.

आता डोक्यावर बसणारे. असतात, नाही कसं? एक जण पिऊन पाळीवर यायचा. दोनदा बाजूला घेऊन सांगितलं, तिसऱ्यांदा त्याच दिवशी सगळा हिशेब चुकता करून घरी पाठवला. पट्ट्याजवळ पिऊन उभ्या राहणाऱ्याची कीव केली तर बाकीच्यांच्या बोटांचं काय? ज्याला काढायचं त्याला चारचौघांत बोलू नका आणि पैसे अडकवू नका.

तो पारोळ्याचा ऑपरेटर अजून माझ्याकडेच आहे, आता ग्रेडर, म्हणजे डाळीची प्रतवारी करायचं मशीन, बघतो. मागच्या महिन्यात मोठी ऑर्डर होती, मी रात्री थांब म्हणालो. "आज नई जमाव, शेठ," म्हणाला आणि डबा उचलून निघाला. मला राग आला, खोटं कशाला बोलू? मग दुसऱ्याला फोन लावला.