दिलेली तारीख

पुणे, आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

काल तू गेल्यावर पाहिले, तर तुझा चहा कपात तसाच होता, वर साय धरलेली. बोलण्याच्या भरात तो प्यायचेही तुला सुचले नाही. फोनमधले कॅलेंडर उघडून तू मला रंग दाखवलेस: पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, तालमी हिरव्या, ढोलपथकाचा सराव भगवा, दिवाळी पहाटेचे निवेदन पिवळे, राज्य नाट्य स्पर्धेतली भूमिका निळी आणि डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सवाच्या मांडवात स्वयंसेवक म्हणून उभे राहायचे ते जांभळे. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा तर रंगपंचमी झाल्यासारखा दिसत होता. त्यातच ऑक्टोबरात मुंबईहून एका वेबसिरीजसाठी ‘बहुतेक’ बोलावणे येणार, हे तू सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात सांगितलेस. मग विचारलेस, ‘काका, यातले काय केले तर जास्त एक्स्पोजर मिळेल?’

काल मी उत्तर दिले नाही, कारण राग आला होता. प्रकाशात कोण येणार आणि कोण अंधारात राहणार, हे पस्तीस वर्षे नाटकाच्या दिव्यांच्या डिमरवर हात ठेवून मीच ठरवत आलो आहे, तेव्हा त्या शब्दाचे मला फारसे कौतुक नाही. रात्री झोप लागेना, आणि तेव्हा ध्यानात आले की रागावण्याचा अधिकार मला आहे की नाही हे तुला आधी सांगायला हवे. म्हणून हे पत्र.

तुझा प्रश्न मुळातच चुकला आहे. या पाचांपैकी कोणते काम मोठे, हे ठरवण्याची वेळ होऊन गेली, कारण पाचही ठिकाणी तू ‘हो’ म्हणून बसली आहेस. आता प्रश्न एवढाच उरतो की त्या पाच माणसांपैकी कोणाला तू खरे बोललीस. दिलेली तारीख ही दिलेली तारीख असते. तुला सांगण्यासारखे माझ्याजवळ खरे म्हणजे एवढेच आहे, आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे; कंटाळा आला तरी वाच.

यंदाचा हंगाम सोपा नाही, हे मला कबूल आहे. अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे सरकले आहेत. गणपती १४ सप्टेंबरला बसतात, अनंत चतुर्दशी २५ ला, आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. म्हणजे ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन, १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले त्याची आठवण, ऐन दिवाळीच्या तोंडावर येतो, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या शेवटच्या तालमी फराळाच्या ताटांत अडकतात. एरवी दिवाळी उरकून, पोट थोडे बिघडलेल्या अवस्थेत का होईना, मंडळी तालमीला लागतात; यंदा तीही सोय नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये भरत नाट्य मंदिराच्या, आपल्या ‘भरत’च्या, दारात पुरुषोत्तमची ‘अरे, आवाज कुणाचा’ ही आरोळी सुरू होईल, आणि त्याच दिवसांत नदीपात्रात संध्याकाळी ढोलांचा सराव चालू असेल. तू दोन्हीकडे आहेस. सहा वाजता तू नदीपात्रात असशील की कॉलेजच्या हॉलमध्ये, हे तुझ्या पथकप्रमुखाला ठाऊक नाही, तुझ्या दिग्दर्शकाला ठाऊक नाही आणि, माझा अंदाज खरा असेल तर, तुलाही ठाऊक नाही.

तारीख म्हणजे कॅलेंडरवरचा एक चौकोन, असे तुला वाटते. तारीख कशाची बनलेली असते ते मी व्यवस्थापकाच्या खुर्चीत बसून पाहिले आहे. रविवारी साडेपाचचा प्रयोग असतो, तेव्हा त्यासाठी नाट्यगृहाची तारीख काही महिने आधी अर्ज करून मिळवलेली असते. मालिकांच्या चित्रीकरणातून दोन नटांची सुटी मागून घेतलेली असते आणि त्या दोघांची सुटी एकाच दिवशी यावी म्हणून कोणीतरी चाळीस फोन केलेले असतात. जाहिरात गेलेली असते, तिकीटविक्रीचा प्लॅन उघडलेला असतो आणि साताऱ्याहून एखादे जोडपे एसटीने निघालेले असते. सकाळी नेपथ्याचा ट्रक मागच्या दाराला लागतो, रंगमंच कामगार नेपथ्याच्या चौकटी उतरवतात, शिडीवर चढलेला मुलगा दिवे टांगतो आणि दुपारी तिथेच विंगेत डबा खातो. हे सगळे ज्या खुंटीवर टांगलेले असते ती खुंटी म्हणजे कोणाचे तरी ‘हो, येतो’. तिसरी घंटा वाजल्यावर आत कोणीतरी नाही हे कळते, तेव्हा बाहेर ‘प्रयोग रद्द’ची पाटी लावायला जाणाऱ्या माणसाचा चेहरा तू पाहिलेला नाहीस. ती पाटी मी चार वेळा लावली आहे.

आता माझी गोष्ट. १९८७ साल, नोव्हेंबर महिना. मी बावीस वर्षांचा होतो आणि मला नट व्हायचे होते. आमच्या हौशी संस्थेचा राज्य नाट्य स्पर्धेतला प्रयोग ‘भरत’ला होता आणि त्यात मला थोरल्या भावाची, चांगली तीन प्रवेशांची भूमिका होती. दोन दिवस आधी मुंबईहून निरोप आला की एका मालिकेत पोलिसाची दोन वाक्यांची भूमिका आहे, येत असलास तर ये. चित्रीकरण नेमके प्रयोगाच्या दिवशीच होते. मी आमच्या दिग्दर्शकाच्या शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप ठेवला की मला सणकून ताप भरला आहे, आणि सकाळी डेक्कन क्वीनमध्ये जाऊन बसलो.

दुपारी बारा वाजता दिग्दर्शक माझ्या घरी आला. ताप उतरला असला तर संध्याकाळपुरते उभे राहता येईल का, हे विचारायला तो आला असावा; पण हातात पिशवी होती आणि पिशवीत सहा मोसंबी. आईने दार उघडले आणि सरळपणे सांगितले की तो तर मुंबईला गेला आहे. दिग्दर्शक ‘बरं’ म्हणाला, पिशवी टेबलावर ठेवली आणि गेला. संध्याकाळी माझी भूमिका प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मुलाने हातात वही धरून वाचली. दुसऱ्या दिवशी मी परतलो, तेव्हा आईने काही न बोलता दोन मोसंबी सोलून बशीत घालून माझ्यापुढे ठेवली आणि मी ती संपवेपर्यंत समोरून हलली नाही.

दिग्दर्शक मला एका शब्दाने बोलला नाही. त्याच्याकडे एक लांब, कापडी बांधणीची वही असे, तिच्यात संस्थेच्या कलाकारांची नावे आणि त्यांनी दिलेल्या तारखा लिहिलेल्या असत. पुढे काही महिन्यांनी ती वही सहज उघडी पडलेली मला दिसली. माझ्या नावावर निळ्या शाईची एक रेघ होती. रागाने खोडले तर माणूस वेडेवाकडे खोडतो. ती रेघ पट्टी लावून मारलेली होती.

ही गोष्ट मी सांगतो तेव्हा ऐकणारे हटकून विचारतात की मालिकेचे काय झाले, आणि ती दोन वाक्ये प्रक्षेपणात कापली गेली हे कळले की त्यांना समाधान वाटते, जणू देवाने हिशेब चुकता केला. मला त्या समाधानाचा मनस्वी वैताग येतो. ती वाक्ये राहिली असती, त्यावरून मला आणखी दहा मालिका मिळाल्या असत्या आणि आज मी वर्सोव्याला समुद्रासमोर राहत असतो, तरी ती रेघ तिथेच असती. तारीख मोडून फायदा होत नाही, असे मी म्हणत नाही. पुष्कळांचा होतो, आणि त्यांतल्या काहींना तू पडद्यावर रोज पाहतेस. मी दिव्यांकडे वळलो ते कलेच्या ओढीने नव्हे. प्रेक्षागृहाच्या मागे, अंधारात, कोणाला माझे तोंड दिसत नव्हते म्हणून. ओढ नंतर लागली.

तुला वाटेल, एक मुलगी कमी झाली तर एवढे काय बिघडते, समूहातच तर उभे राहायचे आहे. १६ डिसेंबर १९७२ ला याच ‘भरत’च्या रंगमंचावर ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. त्यात ओळीने उभी राहिलेली माणसे हाच पडदा आणि हीच भिंत. वळली की भिंत, सरकली की मागचे दिसते. त्या रांगेतल्या प्रत्येकाला काही नाव नसते आणि वाक्ये असली तरी समूहाची. पण त्यातला एक आला नाही तर भिंतीला भोक पडते आणि जे झाकायचे ते सगळ्या सभागृहाला दिसते. समूहात उभे राहणाऱ्याची तारीख नायकाच्या तारखेइतकीच पक्की असावी लागते. नायक आला नाही तर निदान प्रयोग रद्द तरी करता येतो.

उशिराचेही तेच. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली खुद्द नारायणराव बालगंधर्वांच्या हातून बसवली गेली. वास्तूचे उद्घाटन झाले २६ जून १९६८ ला, आणि नारायणराव १५ जुलै १९६७ ला गेलेले. वर्षभराने त्या माणसाची गाठ चुकली. त्या पायऱ्या चढताना दर वेळी मला हेच आठवते. तू बहुधा तिथे सेल्फी काढतेस.

बालगंधर्वांचे नाव निघाले की कोणीतरी १२ मार्च १९११ ची गोष्ट सांगतेच: ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची लहानगी मुलगी वारलेली, आणि तरीही ते उभे राहिले. ती गोष्ट नव्या मुलांच्या गळ्यात मारणाऱ्यांचा मला राग येतो. घरात मृत्यू झाला तर तू थांब, घरी थांब, आणि जो तुला त्याबद्दल बोल लावेल त्याला माझ्याकडे पाठव. मी दुःखाबद्दल बोलत नाही, हावरेपणाबद्दल बोलतो आहे. हा फरक तुला कळतो हे मला ठाऊक आहे, नाहीतर हे पत्र लिहिलेच नसते.

आता दुसरी बाजूही लिहून टाकतो. १९९६ साली माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात शिडीवर होतो. प्रयोगाची तारीख आधी दिलेली होती, मुहूर्त नंतर निघाला. बहीण अजूनही हे बोलून दाखवते, विशेषतः भाऊबीजेला, ओवाळून झाल्यावर. मी दर वर्षी तिला तेच सांगतो की माझ्यावाचून दिवे लागले नसते. बदली माणूस मिळाला असता, असे तेव्हा दोघाजणांचे म्हणणे होते. असेलही. पण त्या बदली माणसाने प्रकाशयोजना एकदाही पाहिलेली नव्हती आणि दुसऱ्या अंकात अठरा बदल होते. शिवाय १९८७ नंतर नऊ वर्षे मी एकही तारीख मोडलेली नव्हती आणि ती वही मनातून जात नव्हती. हे तुला पटावे म्हणून लिहीत नाही. पटले नाही तर तसे कळव, आपण वाद घालू. माझ्या हट्टाची किंमत माझ्या माणसांनीही दिली, हे मात्र ध्यानात ठेव आणि म्हणून तारखा देतानाच हात आखडता घे. मी दिलेली तारीख पाळायला शिकलो. न देण्याची अक्कल मला फार उशिरा आली.

सवाईबद्दल थोडे लिहायचे आहे, कारण तुझ्या पाच कामांत तेच तू सर्वात हलक्याने घेतले आहेस. १९५२ साली गायक सवाई गंधर्व गेले आणि १९५३ पासून त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ तो उत्सव सुरू केला. रमणबागेत रात्र रात्र चाललेल्या मैफली मी सतरंजीवर बसून ऐकल्या आहेत. पुढे ध्वनिक्षेपकांच्या नियमांनी रात्री आटोपल्या, २०१८ पासून मांडव मुकुंदनगरला गेला. २००९ साली स्वाइन फ्लूमुळे उत्सव पुढे ढकलावा लागला, तेव्हा तो रद्द म्हणून सोडून न देता २०१० च्या जानेवारीत केला गेला. करोनाची दोन वर्षे गेली आणि मांडव पुन्हा उभा राहिला. एका शिष्याने गुरूला दिलेली तारीख सत्तर वर्षांहून अधिक काळ पाळली जाते आहे, आता तर तो शिष्यही नाही. अशा मांडवात तुला वाट दाखवायची, फोन बंद करायला सांगायचे आणि आलापी चालू असताना उठणाऱ्याला हाताने थोपवायचे काम मिळाले आहे. त्याचे छायाचित्र येणार नाही आणि पत्रिकेत नाव छापले जाणार नाही. म्हणूनच, अडचण आली की पहिली तारीख तू हीच मोडशील. मी तुला ओळखतो, कारण मी मला ओळखतो.

तेव्हा काय करायचे ते सांगतो. राज्य नाट्य स्पर्धा ठेव की पुरुषोत्तम ठेव, ढोल वाजव की निवेदन कर, हे मी ठरवणार नाही. ज्या कामाच्या तालमीला तू न बोलावता जाशील ते ठेव. त्याच्या आड न येणारे आणखी एखादे ठेवता आले तर तेही ठेव. बाकीच्यांना या आठवड्यात नाही म्हणून सांग. जुलैत दिलेल्या नकाराने कोणाचे नुकसान होत नाही. त्या जागी दुसरी मुलगी उभी राहते आणि तिला तालमी मिळतात. ऑक्टोबरात दिलेला नकार म्हणजे कोणाच्या तरी हातात वही. ‘बघते’, ‘बहुतेक जमेल’, ‘शेवटी शेवटी जॉइन होते’ ही तुझी तीन लाडकी वाक्ये टाकून दे, त्यांच्याइतके खोटे बोलणे मी ताप आल्याचा निरोप ठेवला तेव्हाही बोललो नव्हतो. वेबसिरीजवाल्यांनी बोलावले तर आधी तारीख विचार आणि ती दिलेल्या तारखेवर येत असेल तर सांग की त्या दिवशी मी बांधलेली आहे. ते दुसरीला घेतील, हे मला ठाऊक आहे. तुला त्या दिवशी रडू येईल, हेही ठाऊक आहे. त्या रात्री इकडे जेवायला ये.

नकार कळवताना मेसेज टाकू नकोस, फोन कर, आणि ढोलपथकाच्या प्रमुखाला तर समोर जाऊन भेट. तो ओरडेल, त्याला ओरडू दे. कोणाकोणाला नाही म्हणालीस ते मला रविवारपर्यंत कळव. दुपारी एक ते तीन मी झोपतो, तेवढी वेळ सोडून कधीही चालेल. आणि या वेळी चहा गरम असताना पी.

तुझा,
काका