शिट्टी मारली, पण लिफ्टर होती कुठे?

प्रश्न: नमस्कार सर, मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कूलला क्रीडाशिक्षिका आहे, दोन वर्षं झाली तालुका लेव्हलला व्हॉलीबॉलला सेकंड रेफ्री म्हणून उभी राहते. परवा मुलींच्या मॅचला एका टीमचा पहिला पास लांबला, बॉल थेट नेटवर आला, लिफ्टर (स्मॅशसाठी बॉल वर काढून देणारी) उडी मारून तो काढायला गेली तेवढ्यात समोरच्या सेंटरवालीने बॉल मारला आणि तो लिफ्टरच्या हाताला लागून उडाला. मी बॅक रो ब्लॉकची (मागच्या रांगेतल्या खेळाडूने नेटवर बॉल अडवायचा फॉल्ट) शिट्टी मारली. त्यांची कॅप्टन म्हणाली लिफ्टर फ्रंटला आहे. लाइनअप शीट बघितली तर खरंच दोन नंबरला, म्हणजे पुढच्या रांगेत होती! पॉइंट परत खेळवावा लागला, जीव नकोसा झाला. हे पटकन ओळखायचं कसं? आणि बॅकच्या पोरीने नुसती उडी मारली तरी फॉल्ट का?

उत्तर: मॅडम, शीट बघून चूक मान्य केलीत ना, मग सोडून द्या. मी पहिल्या वर्षी अशीच शिट्टी मारली होती आणि वर हट्टाने कायम ठेवली होती, त्याची लाज अजून वाटते.

तुमची चूक त्या उडीच्या वेळी झालेली नाही, ती आधीच झाली होती, सर्व्हिसच्या शिट्टीच्या आधी. एकदा बॉलला हात लागला की लिफ्टर कुठूनही पळत नेटवर येते, मग ती फ्रंटची का बॅकची हे उभ्या जागेवरून कळणारच नाही. त्यामुळे सर्व्हिसच्या आधी दोन्ही लिफ्टर कुठे आहेत हे डोक्यात पक्कं पाहिजे. मी काय करतो, डाव्या बाजूच्या टीमसाठी डावा हात, उजव्यासाठी उजवा, लिफ्टर बॅकला असेल तर त्या हाताचा अंगठा मुठीत. दिसायला काही नाही, पण नेटवर गर्दी झाली की बोटंच सांगतात. आणि हे दर पॉइंटला बदलावं लागत नाही, टीम फिरते ती समोरच्यांकडून सर्व्हिस जिंकल्यावरच, आणि लिफ्टर तीन रोटेशन फ्रंटला तीन बॅकला. विसरलात तर तिच्या तिरक्या समोरची युनिव्हर्सल (रोटेशनमध्ये कायम लिफ्टरच्या समोर राहणारी अटॅकर) बघा, युनिव्हर्सल फ्रंटला म्हणजे लिफ्टर बॅकला. फक्त लिफ्टर आणि युनिव्हर्सल दोघी एकदम बदलल्या की अंगठा परत तपासायचा, तिथे मी स्वतः दोनदा फसलोय. शाळांच्या टीम बऱ्याचदा दोन लिफ्टर घेऊन ४-२ (चार अटॅकर, दोन लिफ्टर) खेळतात, तिथे पास काढणारी फ्रंटचीच असते, तुमच्या मॅचला असंच असणार असा माझा अंदाज. ६-२ वाले (लिफ्टर त्यांच्याही दोनच) मात्र उलटे, त्यांची काम करणारी लिफ्टर कायम बॅकमधूनच येते.

आता ती बॅकलाच होती असं धरा. मग दुसरी गोष्ट बघायची, बॉल लागला त्या क्षणी तिच्या शरीराचा कुठलाही भाग नेटच्या वरच्या कडेच्या वर होता का? नसेल तर तो ब्लॉकच नाही, तो टीमचा साधा पहिला टच, खेळ चालू. हे लोक विसरतात. सिनियर मुलींची नेट २.२४ मीटर, पाच फूट दोन इंचाची पोरगी हात ताणून जमिनीवर उभी राहिली तरी बोटं पट्टीपर्यंत जात नाहीत, आणि आपण नुसते वर केलेले हात बघून शिट्टी मारतो.

तिसरं म्हणजे बॉलला आधी कोणाचा हात लागला. समोरचीने मारला आणि मग लिफ्टरच्या नेटवरच्या हाताला लागला तर बॅक रो ब्लॉक, आपली खूण दोन्ही हात सरळ वर, तळवे पुढे. लिफ्टरचा हात आधी लागला, बॉल पूर्ण नेटच्या वर होता आणि तो पलीकडे गेला किंवा समोरच्या ब्लॉकला लागला, तर तो बॅक रो अटॅक, खूण वेगळी, उघड्या पंजाने हात खाली आणायचा. पॉइंट दोन्हीत समोरच्यांनाच, मग फरक कशाला, असं मला एका कोचनी विचारलं होतं. अहो, कॅप्टनला कारण विचारायचा हक्क आहे आणि आपल्याला ते देता आलं पाहिजे! आणि लिफ्टर आपल्या बाजूला पास काढत असताना समोरचीने हात नेटच्या अलीकडे घालून बॉलला लावला तर फॉल्ट समोरचीचा, म्हणजे पॉइंटच उलटा.

उंचीचा अंदाज तुम्हाला खालून नीट येत नाही, फर्स्ट रेफ्रीची नजर नेटच्या साधारण ५० सेंटीमीटर वर असते, त्यांना येतो. ही शिट्टी दोघांनाही मारता येते. मॅचच्या आधी बोलून ठेवा, लिफ्टर बॅकला असली की तुम्ही त्यांना हळूच खूण करायची.

नुसत्या उडीचं: बॅकची एकटी उडाली आणि बॉल लागला नाही तर काही नाही. पण शेजारच्या फ्रंटवालीला चिकटून दोघी उडाल्या, दोघींचे हात नेटच्या वर, आणि बॉल फक्त फ्रंटवालीला लागला, तरी फॉल्ट, कारण तो दोघींचा मिळून ब्लॉक झाला. लांब उभी राहून उडाली असेल तर तिला त्यात धरायचं नाही.

प्रश्न: आमच्या लिबेरोने (फक्त मागे डिफेन्सला खेळणारा) ब्लॉकला उडी मारली, बॉल लागला पण नाही तरी पॉइंट गेला. रेफ्री चुकले ना? (कॉलेज प्लेअर, नाशिक)

उत्तर: नाही रे, बरोबर होते. वर मॅडमना सांगितलं ते बाकीच्या बॅकवाल्यांसाठी. १९९८ मध्ये लिबेरो आला तो डिफेन्ससाठी, त्याने ब्लॉकचा प्रयत्न केला तरी फॉल्ट, बॉल लागायची वाट बघायची गरज नाही. पोराला सांगा, नेटजवळ अडकलास तर हात खाली ठेव.